तिसाव्या दिवसाचा रकाना

‘टाके पिकले’ म्हणजे काय, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑपरेशन व्यवस्थित होते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट चालू लागतो, घरी येतो, भेटायला आलेले नारळ-बिस्किटे ठेवून जातात आणि सहाव्या-सातव्या रात्री जखमेत ठणका सुरू होतो. सकाळी पट्टी उचलून पाहावी तर एका टाक्याभोवतीची कातडी लाल, गरम, ताणलेली. कापसाला पिवळसर ओल लागलेली. दुपारपर्यंत अंगात कणकण. मग घरात कारणाचा शोध सुरू होतो. भात खाल्ला म्हणून पू झाला, बटाटा खाल्ला म्हणून झाला, वांगे तर द्यायलाच नको होते. कोणी म्हणते पाणी लागले. कोणी म्हणते तिचे अंगच तसे, जखम लवकर भरत नाही. डॉक्टरांकडे गेले तर तिथेही बोट बहुधा घराकडेच वळते: स्वच्छता ठेवली नसेल, ड्रेसिंग ओले केले असेल. ताट तपासले जाते, अंग तपासले जाते, खोली तपासली जाते. ज्या हातांनी ती जखम केली आणि शिवली, त्या हातांपर्यंत हा शोध क्वचितच पोहोचतो.

पुढील पानांचा विषय ते हात आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी ते कसे स्वच्छ करायचे, त्यासोबत आणखी काय सांभाळायचे आणि ते सांभाळले गेले की नाही हे कळायचे कसे, एवढाच या पुस्तिकेचा आवाका आहे. ती सुरतेच्या गोडादरा भागातील आणि आसपासच्या लहान रुग्णालयांच्या ऑपरेशन थिएटरमधील (ओटी) स्टाफसाठी, नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि ऑपरेशनची तारीख हातात पडलेल्या कुटुंबांसाठी आहे. हात धुण्याच्या पायऱ्या दाखवणारे तक्ते आज सहज मिळतात. त्यात आणखी एकाची भर घालायची असती तर एवढी लांब प्रस्तावना लागली नसती. मला जे मांडायचे आहे ते त्या तक्त्यांत नसते. हात धुण्याची पद्धत शिकवून येते, पण शिस्त मोजणीने टिकते. जिथे पिकलेल्या टाक्यांची नोंद होते आणि ती नोंद ऑपरेशन करणाऱ्यांच्या समोर ठेवली जाते, तिथे हात नीट धुतले जातात. जिथे ती होत नाही, तिथे चांगल्या, प्रामाणिक, शिकलेल्या माणसांचे हातही हळूहळू घाई करू लागतात. आणि गोडादऱ्यासारख्या वस्तीत ही मोजणी सर्वांत आधी हरवते.

आधी हातांविषयी. पी. बी. प्राइस या सर्जनने १९३८ मध्ये कातडीवरील जंतूंचे दोन वर्ग केले. काही जंतू पाहुण्यांसारखे: दाराच्या कडीवरून, पेशंटच्या अंगावरून, नोटेवरून हातावर आलेले, साध्या साबणपाण्यानेही ते जातात. दुसरे बिऱ्हाड करून राहिलेले: केसांच्या मुळाशी, घामाच्या छिद्रांत, नखांच्या कडेला. त्यांना पूर्ण घालवता येत नाही. कमी करता येते आणि काही तास दबवून ठेवता येते. म्हणजे चिमटे-कात्र्या जशा ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक होतात, तसा माणसाचा हात कधीच होत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी हात स्वच्छ करण्याचे सगळे शास्त्र या एका अडचणीभोवती उभे आहे. म्हणूनच ते नेहमीच्या हात धुण्यापेक्षा लांब असते, कोपरापर्यंत जाते आणि हातमोजे घालण्याआधी करावे लागते.

ते कसे होते, हे जवळून पाहू. अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा धागा उतरवलेला. नखे बोटांच्या टोकाच्या आत कापलेली. ओटीत शिरल्यावर साध्या साबणाने हात धुऊन नखांखालचा मळ काढायचा आणि हात पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या हातावर अल्कोहोल पातळ होते. मग कोपराने दांडा दाबून डाव्या तळव्यावर द्रावण घ्यायचे आणि उजव्या हाताची बोटे त्यात काही सेकंद बुडवून ठेवायची, म्हणजे ते नखांखाली शिरते. तेच द्रावण मनगटापासून कोपरापर्यंत गोल फिरवत लावायचे. मग दुसरा हात. पुन्हा द्रावण घेऊन तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या आणि शेवटी अंगठा मुठीत धरून फिरवायचा. अंगठा आणि नखांच्या कडा याच दोन जागा सर्वांत जास्त सुटतात. ठरलेला सगळा वेळ कातडी ओली राहिली पाहिजे. मध्येच वाळली तर आणखी द्रावण घ्यायचे. शेवटी हात कोपरापेक्षा वर धरून आपोआप वाळू द्यायचे. टॉवेल नाही, फुंकर नाही, झटकणे नाही. पाणी आणि जंतुनाशक साबण वापरायचा तर दोन ते पाच मिनिटे, आणि पाणी बोटांकडून कोपराकडे ओघळले पाहिजे. दहा-दहा मिनिटे कडक ब्रशने घासण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. ब्रशने कातडी सोलवटते आणि सोलवटलेल्या कातडीवर जंतू अधिक वाढतात. हे सगळे नववीतल्या मुलालाही एका दुपारी शिकवता येईल. इतके सोपे असूनही ते का सुटते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधायला व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात जावे लागते, कारण हा विषय जन्मला तोच एका हजेरीपटासारख्या नोंदवहीतून. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतज्वराने शंभरातल्या ११ हून अधिक बाया दगावल्या. दुसऱ्यात तीनही नाही. बायांनाही हे ठाऊक होते. पहिल्या विभागाची पाळी आली की त्या गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला जंतू ठाऊक नव्हते, पाश्चरचे संशोधन अजून पुढे होते. त्याच्या हातात फक्त दोन विभागांचे आकडे होते. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे सहकारी कोलेच्का शवविच्छेदन करताना सुरी लागून वारले आणि त्यांच्या शरीरातील खुणा बाळंतिणींच्या शरीरांतील खुणांसारख्याच निघाल्या. शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येणारे विद्यार्थ्यांचे हात हेच कारण, असे सेमेलवाइसने ताडले आणि मेच्या मध्यापासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यू जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले. १८४८ मध्ये दोन्ही विभाग जवळजवळ समान झाले. ही गोष्ट बहुधा एका उपेक्षित प्रतिभावंताची शोकांतिका म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळूनच तो गेला. पण मला त्यात दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. दुसरा विभाग नसता, दोन्हीकडच्या मृत्यूंची महिन्यावार नोंद नसती, तर त्याला कारण सुचलेही नसते आणि उपाय लागू पडला हे सिद्धही करता आले नसते.

सुरतेला हे ज्ञान नवे नाही, आणि ते इथे आणणाऱ्यांत एक मराठी बाई आघाडीवर होती. डॉ. रखमाबाई यांचे नाव आपण बालविवाहाविरुद्धच्या खटल्यामुळे ओळखतो. पण खटला १८८८ मध्ये मिटल्यावरचे त्यांचे आयुष्य त्याहून कितीतरी लांब आहे. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८९५ पासून सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९१८ मध्ये राजकोटला जाईपर्यंत, म्हणजे दोन तपांच्या जवळपास काळ, त्या या शहराच्या बाळंतिणींच्या डॉक्टर होत्या. त्या शिकल्या तेव्हा लिस्टर या सर्जनची जंतुनाशक पद्धत ब्रिटिश रुग्णालयांत रुळलेली होती. म्हणजे हात स्वच्छ करून बाळंतपण आणि शस्त्रक्रिया करायची असते, हे शास्त्र सुरतेत येऊन सव्वाशे वर्षे झाली. आज गोडादऱ्यात एखादीचे सिझर झाल्यावर टाके पिकतात, तेव्हा तिथे ज्ञान पोहोचले नव्हते असे म्हणायची सोय उरलेली नाही.

मग कमी काय पडते? पारिएंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील रुग्णालयांच्या सहा शस्त्रक्रिया विभागांत केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. चार हजारांवर शस्त्रक्रियांत एका काळात पारंपरिक घासून धुणे, दुसऱ्या काळात अल्कोहोलचे द्रावण, असे आलटूनपालटून वापरले. जखमेचा संसर्ग दोन्हींत सारखाच, अडीच टक्क्यांच्या जरा आत. म्हणून अल्कोहोल चालते हा निष्कर्ष सगळीकडे उद्धृत होतो. त्याच अभ्यासातली दुसरी जोडी मला अधिक बोलकी वाटते: ठरलेला पूर्ण वेळ पाळला गेला तो घासून धुताना २८ टक्के वेळा आणि अल्कोहोल वापरताना ४४ टक्के वेळा. प्रशिक्षित सर्जन, सुस्थितीतील रुग्णालये, अभ्यास चालू असल्याची जाणीव, तरीही निम्म्याहून अधिक वेळा घड्याळ हरले. यात दुष्टपणा कुठेच नाही. विस्तवाला हात लागला तर तत्क्षणी चटका बसतो, म्हणून माणूस दुसऱ्यांदा हात लावत नाही. एक मिनिट कमी धुतलेल्या हाताचा चटका दुसऱ्याच माणसाला, दुसऱ्याच घरात, आठवड्याने बसतो. आणि तोही दर वेळी नाही, शंभरांतून काही वेळा. ज्या चुकीचा परिणाम चुकणाऱ्याला कधी दिसतच नाही, ती चूक सवय व्हायला वेळ लागत नाही.

आता गोडादरा. लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया यांच्या शेजारच्या या भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो कुटुंबे राहतात. पुरुष लूमवर बारा तासांच्या पाळीला किंवा रिंगरोडच्या कापड बाजारात. बाया घरात बसून साड्यांचे धागे कापतात, लेस लावतात, खडे चिकटवतात. दहा बाय दहाच्या खोलीत ऑपरेशन झालेल्या माणसाची उठबस करायला मोकळे हात नसतात. नवऱ्याने नागा केला तर त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून अशा कितीतरी घरांचा सोयीचा मार्ग ठरलेला: ऑपरेशन सुरतेत, आराम गावी. पाचव्या-सहाव्या दिवशी उधन्याहून तापी लाइनची गाडी पकडायची आणि नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव, जिथे आई किंवा सासू असेल तिथे उतरायचे. सिझर झालेली लेक सव्वा महिन्यासाठी माहेरी जाते. टाके पिकायचे दिवस नेमके हेच. गावचा डॉक्टर दोन टाके सैल करतो, पू काढतो, इंजेक्शन देतो, रोज ड्रेसिंगला बोलावतो. महिनाभराने जखम भरते आणि बाई सुरतेला परतते. ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाच्या कागदावर ‘डिस्चार्जच्या वेळी प्रकृती समाधानकारक’ एवढेच असते. त्यामुळे तिथले सर्जन ‘आमच्याकडे इन्फेक्शन होत नाही’ असे म्हणतात, तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांच्याकडे होत नाही. ते शिंदखेड्याला होते.

शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग जगभर ३० दिवसांपर्यंत मोजतात, शरीरात रॉड, प्लेट किंवा जाळी बसवली असेल तर ९० दिवसांपर्यंत, ते यासाठीच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशातील तीन मोठ्या रुग्णालयांत तीन हजारांवर रुग्णांचा घरी गेल्यावरही पाठपुरावा झाला, तेव्हा सापडलेल्या संसर्गांपैकी निम्म्याहून बरेच अधिक डिस्चार्जनंतरचे निघाले. म्हणजे पेशंट दारातून बाहेर पडल्यावर वही मिटणारे रुग्णालय आपल्या चुकांचा मोठा भाग पाहतच नाही. आणि ही ठिकाणे म्हणजे फोन करायला माणूस नेमता येतो अशी. तीन-चार मजली इमारतीतल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होमचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

मोजून फरक पडतो, याचा पुरावा जुना आणि भक्कम आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात शेकडो रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले. जिथे संसर्गाची नियमित नोंद, ती पाहणारा प्रशिक्षित माणूस आणि सर्जनांना त्यांचे स्वतःचे आकडे कळवण्याची पद्धत होती, तिथे रुग्णालयातले संसर्ग जवळपास एक तृतीयांशाने कमी झाले. कॅनडात कॅलगरीच्या रुग्णालयात क्रूझ आणि फूर्ड यांनी दहा वर्षांत ६२,९३९ जखमांची नोंद केली. त्यातून एक गोष्ट अशी निघाली की ती केवळ विचार करून कोणाला सुचली नसती: ऑपरेशनपूर्वी वस्तऱ्याने केस काढलेल्यांत संसर्ग २.५ टक्के, कात्रीने कापलेल्यांत १.७ आणि काहीच न काढलेल्यांत ०.९. आदल्या रात्री गुळगुळीत दाढी केल्यासारखे पोट दिसले की पेशंटलाही तयारी झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पात्याने कातडीवर बारीक जखमा होतात आणि सकाळपर्यंत त्यांत जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत वस्तरा पूर्ण बंद करायला सांगितले आहे. वॉर्डात सकाळी ब्लेड घेऊन कोणी आले तर ‘मशीनने किंवा कात्रीने काढा, तेही लागेल तेवढेच’ असे नातेवाइकाने जरूर म्हणावे.

या मांडणीवर पहिला आक्षेप हातमोज्यांचा. निर्जंतुक हातमोजे घातल्यावर आतला हात कसा का असेना, काय फरक पडतो? हातमोज्यांचा जन्मच मुळी पेशंटसाठी झाला नव्हता. १८८९-९० च्या हिवाळ्यात बाल्टिमोरला सर्जन हॉल्स्टेड यांनी आपल्या नर्सचे, कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे, हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटत होते म्हणून रबराचे मोजे करवून घेतले. पुढे त्यांच्याच शिष्याने, ब्लडगुड यांनी, हर्नियाच्या शस्त्रक्रियांत मोजे नेमाने वापरले तर पिकणाऱ्या जखमा कमालीच्या घटतात हे दाखवले. तेव्हा मोज्यांचे मोल कमी लेखण्यात अर्थ नाही. पण रबर फाटते. सुईचे टोक, हाडाची कड, चिमट्याचा दाता लागून बारीक छिद्र पडते आणि ते घालणाऱ्याला बहुतेकदा कळतही नाही. आत उबदार, दमट अंधारात बिऱ्हाडकरू जंतू वाढत असतात; न धुतलेल्या हातावर ते आधीच जास्त असतात, म्हणून छिद्रातून बाहेर पडतात तेही जास्त. शिवाय ऑपरेशन चालू असताना मोज्याची बाहेरची बाजूही मळते. भारतासह सात देशांत तेरा हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोट शिवण्याआधी फक्त मोजे आणि अवजारे बदलली, तर संसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. मोजे हे हात धुण्याचे पुढचे पाऊल आहे, त्याची सुट्टी नाही.

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे, कारण त्यात डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही समाधान मिळते: भारी अँटिबायोटिक देतो, काही होणार नाही. सुरतेने या विश्वासाची परीक्षा एकदा पाहिली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी पसरली आणि बघता बघता दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झाले; लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले, त्यात खानदेशाकडे परतणारेही होते. गोळीचा उपयोग नव्हता असे नाही, आजारी पडलेल्याला ती वाचवत होती. पण पुढच्या वर्षी एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले, अधिकारी रोज सकाळी रस्त्यावर उतरू लागले, कचरा नेमाने उचलला जाऊ लागला आणि खासगी दवाखान्यांकडूनही आजारांची रोजची माहिती पालिकेकडे येऊ लागली, तेव्हा शहर पालटले. जखमेचेही असेच आहे. औषधाला त्याची जागा आहे आणि ती जागा घड्याळावर आहे. १९९२ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या दोन तासांत दिले गेले तेव्हा संसर्ग ०.६ टक्के राहिला. चीर दिल्यावर तीन तास उलटून दिले तेव्हा ३.३ टक्के. चीर देताना रक्तात औषध हवे; नंतर सात दिवस गोळ्या दिल्याने ती वेळ परत येत नाही. म्हणूनच निव्वळ प्रतिबंधासाठी दिलेले औषध ऑपरेशन संपल्यावर लांबवू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लांबवल्याने जखम वाचत नाही, जंतू मात्र औषधाला सरावतात. पुढच्या वेळी टाके खरोखर पिकले की तीच गोळी लागू पडत नाही. हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे आणि ते आपण पैसे मोजून विकत घेतो.

तिसरा आक्षेप रुग्णाच्या अंगाचा आणि घराचा. यात तथ्य आहे आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वच्छ शस्त्रक्रियांत जखमेत सापडणारे जंतू बहुतांश वेळा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे किंवा नाकातले असतात. आतड्याच्या शस्त्रक्रियेत आतड्यातले. मधुमेह ताब्यात नसेल, अंगात रक्त कमी असेल, बिडी-सिगारेट चालू असेल तर जखम भरायला वेळ लागतो. २०१८ मध्ये ६६ देशांतील पोटाच्या शस्त्रक्रियांची तुलना झाली. संपन्न देशांत संसर्ग ९.४ टक्के, मधल्या गटात १४ आणि सर्वांत गरीब गटात २३.२ टक्के होता. यामागे आजार उशिरा दाखवणे आहे, फुटलेले अपेंडिक्स घेऊन येणे आहे. पण रुग्ण किती आजारी होते याचा हिशेब धरूनही गरीब देशांतला धोका जास्तच उरला. तो उरलेला भाग रुग्णाच्या ताटातून येत नाही. आणि ताटाविषयी बोलायचेच तर भाताने पू होत नाही. उलट पथ्य म्हणून डाळ, दूध, अंडी बंद केल्याने नवी कातडी ज्या मालातून घडते तोच तुटतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ, पूर्वीपासून साखरेवर ताबा, तंबाखू-विडी निदान काही आठवडे बंद: कुटुंबाच्या हातात हे आहे आणि पुस्तिकेचा एक भाग त्यालाच दिला आहे. मात्र रुग्णाच्या कातडीवर जंतू असतात, हे ऐकून सर्जनच्या हातांची जबाबदारी हलकी होत नाही. चीर जिथे द्यायची ती कातडी अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने पुसणे, ती वाळू देणे, हेही त्याच हातांचे काम आहे.

एक आक्षेप अभ्यासू वाचकाचा असेल, आणि मला तो सर्वांत आदराने घ्यावासा वाटतो. हात धुऊन केलेल्या आणि न धुता केलेल्या शस्त्रक्रियांची समोरासमोर तुलना करणारी चाचणी कुठे आहे? ती नाही, आणि कोणी करूही नये. न धुतलेल्या हाताखाली कोणाला झोपवणार? म्हणून आपल्याकडचा पुरावा आडवळणाचा आहे: व्हिएन्नाचे आकडे, हातावरच्या जंतूंची मोजणी, मोज्यांची छिद्रे, एका द्रावणाची दुसऱ्याशी तुलना. पारिएंतींच्या अभ्यासात पद्धत बदलूनही संसर्ग तेवढाच राहिला, यावरून कोणी म्हणेल की धुण्याने फार फरक पडत नसावा. त्यातून निघते ते एवढेच की दोन्ही चांगल्या पद्धती सारख्या चांगल्या आहेत. आणि म्हणूनच मी या पुस्तिकेत हात धुण्याने अमुक टक्के संसर्ग घटेल असे वचन कुठेही दिलेले नाही. आपल्या ओटीत काय होते ते आपणच मोजावे, यावर इतका भर त्यामुळेच आहे.

लहान रुग्णालयांची अडचण मात्र खरीखुरी आहे. एका सकाळी चार सिझर, एक हर्निया, दोन सिस्टर, एकच ऑटोक्लेव्ह, मध्येच गेलेले पाणी. इथे अल्कोहोलचे द्रावण खरोखर वरदान आहे: त्याला नळ लागत नाही, टाकीतल्या पाण्यातले जंतू हातावर येण्याची भीती नाही, आणि वेळ वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेने ८० टक्के इथेनॉल, थोडे ग्लिसरॉल आणि किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे साधे सूत्र जाहीर केलेले आहे, ते कोणत्याही औषधनिर्मात्याला तयार करता येते. एवढे ध्यानात असावे की धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. म्हणून दिवसाच्या सुरुवातीला आणि हात मळलेले दिसले की साबणपाणी चुकवता येत नाही. घाईवर तोडगा म्हणून दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत एका पानाची तपासणी यादी वापरून पाहिली गेली; त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंटला ओटीबाहेर नेण्याआधी थांबून मोठ्याने विचारायचे, सगळे मिळून दोनेक मिनिटांचे काम. जखमेचे संसर्ग ६.२ टक्क्यांवरून ३.४ वर आले. तेव्हा वेळ नाही हे कारण पूर्ण खरे नाही. ज्या ओटीत सर्वांत कनिष्ठ सिस्टरला ‘सर, तुमचे हात अजून वाळले नाहीत’ असे म्हणता येते, तिथे ती दोन मिनिटे सापडतात.

आकडे बाहेर गेले तर नाव खराब होईल, ही भीतीही समजण्यासारखी आहे. महिन्याला वीस ऑपरेशने करणाऱ्या ठिकाणी एक जखम पिकली की पाच टक्के, दोन पिकल्या की दहा. इतक्या लहान आकड्यांत योगायोगच जास्त बोलतो. एका महिन्याच्या आकड्यावरून कोणाला दोषी धरणे चूकच ठरेल. त्यासाठी वर्षभराची बेरीज करावी, फुटलेले अपेंडिक्स आणि साधा हर्निया एका रकान्यात कोंबू नयेत, आणि शेजारपाजारच्या पाच-सहा रुग्णालयांनी नावे न लावता एकत्र बसून पाहावे. फलकावर लावायचे आकडे हे नव्हेत. ते ज्याचे त्याला कळले, तरी पुरे. कॅलगरीतही हेच झाले होते.

उरला प्रश्न विचारायचे कसे. फोन करणाऱ्याने गुजरातीत किंवा इंग्रजी फॉर्म वाचत ‘संसर्गाची लक्षणे आहेत का’ असे विचारले तर अमळनेरच्या ओट्यावर बसलेली आजी ‘नाही’ म्हणून फोन ठेवेल. तिला विचारावे: टाक्यातून पाणी येते का, पट्टी चिकटते का, ठणका लागतो का, ताप आला होता का, गावात कोणी टाका सोडला का, कोणते इंजेक्शन दिले. गोडादऱ्यातल्या रुग्णालयांत मराठी आणि अहिराणी बोलणाऱ्या मावशी आणि सिस्टर आहेतच. हा फोन त्यांनी करावा. शक्य असेल तिथे जखमेचा एक फोटो मागवावा, उजेडात, पट्टी काढून. प्रस्तावनेनंतरचे पहिलेच पान म्हणून एक कोरा तक्ता दिला आहे: ऑपरेशनची तारीख, कोणते ऑपरेशन, हात कशाने आणि किती वेळ स्वच्छ केले, अँटिबायोटिक किती वाजता, चीर किती वाजता, मग सातवा दिवस, चौदावा दिवस, तिसावा दिवस. शेवटच्या रकान्यात ‘पेशंट गावी गेला’ असे लिहिण्याची वेळ येऊ नये, म्हणून गावचा फोन नंबर, आईचा, सासूचा किंवा शेजारच्या दुकानाचा, दाखल करताना पहिल्या ओळीतच घ्यायचा आहे.